सर्टिफिकेट हातात आहे, वर्ग सुरू करू का?

प्रश्न : ताई, मी मुलुंडला राहते, वय ४४. बरीच वर्षं नियमित आसनं करते. नोकरी सोडल्यावर शनिवार-रविवारी ऑनलाइन असा दोनशे तासांचा टीचर ट्रेनिंग कोर्स पूर्ण केला. सोसायटीतल्या दहा-बारा जणी मागे लागल्या आहेत की सकाळी हॉलमध्ये वर्ग घे. त्यात एकीला स्लिप डिस्क आहे, दोघी-तिघींना बीपी आणि शुगर, एक आजी सत्तरीच्या पुढच्या. एकीला फक्त पोट कमी करायचंय, रोज कपालभातीच घे म्हणते. पहिल्याच दिवशी कुणाला काही झालं तर, या विचाराने झोप उडते. मला स्वतःला शीर्षासन जमत नाही. मग शिकवायची माझी पात्रता आहे का? आयुषची परीक्षा द्यायला हवी का? आणि सासूबाई म्हणतात, योगाचे पैसे घेऊ नयेत. खरंच घेऊ नयेत का? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : नमस्कार.

तुमच्या पत्रात शेजारणीची स्लिप डिस्क आधी आली आणि तुमच्या पात्रतेचा प्रश्न नंतर, हे वाचून मला फार बरं वाटलं. समोरच्याच्या शरीराची अशी काळजी कुठल्या कोर्समध्ये शिकवता येत नाही. ती तुमच्याकडे आहे. बाकीचं शिकता येईल.

उत्तर आधी देते, कारणं मागून. वर्ग जरूर सुरू करा, पण लगेच नको, दोन-तीन महिन्यांनी. दहा-बारा जणींचा नको, चार-पाच जणींचा. स्लिप डिस्कवाल्या ताईंना या पहिल्या वर्गात घेऊ नका. आजींना घ्या, पण खुर्चीवर.

आधी तुमच्या दोनशे तासांबद्दल. हे प्रमाण रुजवलं ते योगा अलायन्स या अमेरिकेतल्या संस्थेने. १९९९ मध्ये उभी राहिलेली ही संस्था योगशाळांची आणि शिक्षकांची नोंदणी करते. नोंदणीकृत शाळेतून कोर्स पुरा केला की शिक्षकाला आपली नोंद करता येते. ती संस्था प्रत्येकाला समोर उभं करून परीक्षा घेत नाही. म्हणजे तुमचा कागद खोटा नाही आणि कमीही नाही, पण तो तुम्ही कोर्स केल्याचा कागद आहे. दोनशे तासांत शरीररचना, आसनं, प्राणायाम, तत्त्वज्ञान आणि शिकवण्याची पद्धत, एवढं सगळं बसवायचं असतं. साहजिकच प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव थोडा होतो, आणि तोही सोबत शिकणाऱ्यांवर. खरी मेख इथे आहे. तुमच्या कोर्समधल्या बायकांना वज्रासन म्हटलं की त्या वज्रासनात बसत होत्या. तुमच्या आजी खाली बसल्या तर उठणार कशा, हा प्रश्न तिथे आलाच नसणार. त्यातून ऑनलाइन कोर्समध्ये समोरचा माणूस पडद्यावर मावेल तेवढाच दिसतो. टाचा कुठे आहेत, पायाची बोटं आवळली आहेत का, हे दिसतच नाही.

म्हणून हे दोन-तीन महिने असे वापरा. जिचा वर्ग वर्षानुवर्षं चालू आहे अशा एखाद्या शिक्षिकेकडे जा आणि मागे बसायची परवानगी मागा. आसनं करायला नाही, बघायला. मुलुंडहून ठाणं एकच स्टेशन. अंबिका योग कुटीर आणि घंटाळी मित्र मंडळ या ठाण्यातल्या दोन जुन्या संस्था, तिथे चौकशी करून पाहा. सोबत वही ठेवा. शिक्षिका काय बोलते ते लिहू नका, ते तुम्हाला पाठ आहे. ती कुठे बघते ते लिहा.

एक उदाहरण देते. अर्धकटिचक्रासन घ्या, दिसायला अगदी सोपं. दंडस्थितीत उभं राहायचं, उजवा हात कानाला लागून वर न्यायचा आणि डावीकडे वाकायचं. पण नवशिक्या बहुतेक जणी कडेला वाकण्याऐवजी थोड्या पुढेच वाकतात. वरचा खांदा पुढे घसरतो, हनुवटी छातीकडे जाते, एक गुडघा हळूच मोडतो. नवी शिक्षिका मोठ्याने सांगते, "आणखी वाका." त्या आणखी पुढे वाकतात. जाणती शिक्षिका अशा बाईला भिंतीपाशी नेते. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे. बसायची जागा, दोन्ही खांदे आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला. मग म्हणते, "खालचा हात मांडीवरून सरकू दे, वरचा खांदा भिंतीला टेकलेलाच राहू दे." आता ती बाई आधीच्या निम्मीही वाकत नाही, पण बरगड्यांच्या कडेला ताण आल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसतं. शिक्षिका तिला तिथेच थांबवते आणि श्वास बघते. ओठ घट्ट मिटलेत, गळ्याची शीर दिसते, म्हणजे श्वास कोंडलाय. "श्वास चालू द्या," एवढंच सांगते. थोडं थांबून आधी धड सरळ, मग हात खाली, आणि दोन्ही बाजू सारख्या वाटेपर्यंत नुसतं उभं राहणं.

हे सगळं मिनिटभराचं काम आहे, आणि शिक्षिकेने जेमतेम दोन वाक्यं उच्चारली आहेत. असं बघायला शिकणं हेच तुमचं पुढचं प्रशिक्षण. सासूबाई तयार असतील तर घरी त्यांच्यावर सराव करा. घरचं माणूस कुठे दुखतं ते न लाजता सांगतं.

वर्ग सुरू झाला की एक मोह आवरा. चटईवर बसून सगळ्यांबरोबर स्वतःची आसनं करू नका. वर्ग म्हणजे तुमची साधना नव्हे. तुमची साधना पहाटे घरी झालेली असली पाहिजे, आणि ती एक दिवसही सोडायची नाही. अभ्यास दृढ कशाने होतो, तर दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केल्याने, असं पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात, म्हणजे भागात, सांगितलंय. ते शिकवणाऱ्याला सर्वात आधी लागू आहे. वर्गात मात्र आसन एकदा करून दाखवा, मग उठा आणि फिरा. हात लावण्याआधी विचारा, दर वेळी. पाठीवर हात ठेवून खाली दाबणं तर कधीच नको. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, "अजून थोडं" म्हणून दाबलेल्या पाठी घेऊन माणसं पुढे ऑर्थोपेडिककडे जातात. श्वासाचे आकडेही सगळ्यांसाठी मोजू नका. तुमच्या चारच्या मापात आजींचा श्वास बसणार नाही, आणि तो बसवायला त्या छाती ताणतील.

आता दुखण्यांचं. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकीशी स्वतंत्र बोला. हॉलमध्ये सगळ्यांसमोर विचारू नका, कारण मग बायका "मला काही नाही" म्हणतात. एकटीला चहाला बोलावलंत की गर्भाशयाचं ऑपरेशन झालंय, शिंकताना लघवीचे थेंब जातात, मध्यंतरी बाथरूममध्ये पडले होते, हे सगळं बाहेर येतं. वहीत लिहून घ्या : बीपी, शुगर, चालू असलेली औषधं, झालेली ऑपरेशनं, हर्निया, काचबिंदू, गुडघे, मान, हाडं ठिसूळ असल्याचं डॉक्टर कधी म्हणाले का, तरुण मुलगी असेल तर गरोदरपण. यातलं प्रत्येक उत्तर तुमचा पाठ बदलतं.

बीपी असलेल्या बाईला श्वास रोखायला लावू नका, म्हणजे कुंभक नको, आणि डोकं खाली जाणारी आसनं नकोत. काचबिंदू असेल तर सर्वांगासन, हलासन तर सोडाच, पादहस्तासनात, म्हणजे उभ्याने पुढे वाकून, लटकून राहणंही नको. डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी आलेल्या बाईची साखर वर्गातच उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं की आसन थांबवून आधी साखर. हॉलच्या कपाटात साखरेची पुडी कायम असू द्या. हाडं ठिसूळ असतील तर कंबरेतून गोल होऊन पुढे वाकणारी आसनं टाळा, मणका दबून मोडू शकतो. आणि शवासनातून कुणालाही झटकन उठवू नका. बीपीची औषधं घेणाऱ्यांना एकदम उठलं की भोवळ येते. कुशीवर वळणं, तिथे दोन-चार श्वास, मग हाताचा आधार घेऊन बसणं, मग उभं राहणं. हा क्रम रोज, न चुकता.

स्लिप डिस्कवाल्या ताईंना पहिल्या वर्गात का घेऊ नका म्हटलं तेही सांगते. पुढे वाकताना मणक्यांमधल्या चकतीवर पुढून दाब येतो आणि ती मागे, नसांच्या बाजूला सरकू पाहते. ज्यांची चकती आधीच सरकलेली आहे, त्यांच्यासाठी साधं पादहस्तासनही धोक्याचं. त्यांच्याबरोबर काय करायचं हे त्यांचा एमआरआय बघितलेल्या डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने सांगायचं, आणि ते काम एकास एक असतं. चार जणींवर नजर ठेवता ठेवता ते होत नाही. त्यांना स्पष्ट सांगा : "तुम्हाला नाही म्हणत नाहीये, डॉक्टरांना विचारून आलात की आपण वेगळ्या वेळी बसू." बाईला वाईट वाटेल. वाटू द्या. योगाने सगळं बरं होतं असं सांगणारे मुंबईत खूप आहेत, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

कपालभातीवाल्या मैत्रिणीला माझ्यातर्फे एवढं सांगा. हठप्रदीपिकेत, म्हणजे हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, कपालभाती प्राणायामात नाही, षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत मोजली आहे. मेद आणि कफ जास्त असलेल्यांनी ती कर्मं आधी करावीत, बाकीच्यांना त्यांची गरज नाही, असंही तिथेच लिहिलंय. म्हणजे सगळ्या वर्गाने रोज करायची ती गोष्ट नव्हेच. श्वास बाहेर टाकण्याच्या प्रत्येक झटक्याला पोटातला दाब वाढतो. म्हणून बीपी, हर्निया, गरोदरपण, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन, फिट येण्याचा त्रास यांत ती वर्ज्य. लघवी न थांबण्याचा त्रास असलेल्यांनाही ती त्रास वाढवते. पोटाचे स्नायू त्यात काम करतात हे खरं, पण पोटावरची चरबी तेवढ्याने उतरत नाही. त्यासाठी रात्रीचं जेवण आणि चालणं बघावं लागेल. त्याच ग्रंथात प्राणायामाबद्दल म्हटलंय, की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करावे लागतात तसाच प्राणवायू. नाहीतर तो साधकाचाच घात करतो. तिला ती ओळ वाचून दाखवा. आणि पहिले तीन महिने वर्गात प्राणायामापुरतं म्हणायचं तर दीर्घ श्वसन, न रोखता अनुलोम-विलोम आणि भ्रामरी. एवढं पुरे.

शीर्षासन जमत नाही म्हणून पात्रता नाही, हे मनातून काढून टाका. पतंजलींनी अख्ख्या योगसूत्रांत एकाही आसनाचं नाव घेतलेलं नाही; स्थिर आणि सुखाचं ते आसन, इतकंच सांगितलं. हठप्रदीपिकेत पंधरा आसनं आहेत, त्यांत शीर्षासन नाही. तुमच्या वर्गातल्या एकीलाही ते शिकवायचं नाहीये. त्यांना हवंय ते भाजीची पिशवी घेऊन जिना चढता येणं, रात्री पाठ न दुखता झोप लागणं, लोकलच्या गर्दीत खांदे आवळून राहिल्यामुळे आखडलेली मान मोकळी होणं. ते तुम्हाला शिकवता येईल.

मुंबईत शिकवणाऱ्या प्रत्येकीला इथला वारसा माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजी नावाचे योगी होते. त्यांच्या दोन शिष्यांनी योग गुहेतून घरात आणला. त्यातले एक श्री योगेंद्र. त्यांनी १९१८ मध्ये वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात योग इन्स्टिट्यूट सुरू केली. तीच आज सांताक्रूझला आहे. दुसरे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, आसनं करताना शरीरात काय होतं ते क्ष-किरण आणि रक्तदाब मोजणाऱ्या यंत्रांनी तपासलं, आणि पुढे मरीन ड्राइव्हवर मुंबईचं केंद्र उभं केलं. नंतर बी. के. एस. अय्यंगार पुण्याहून शनिवार-रविवारी इथे येऊन वर्ग घेत. ज्याचं शरीर आसनापर्यंत पोचत नाही त्याच्यापर्यंत आसन आणायला त्यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या वापरल्या. नोकरी करणाऱ्या, संसार करणाऱ्या, आजारी माणसाला काय झेपेल हे पाहून शिकवण्याची ही रीत आहे. तेव्हा आजींना खुर्चीवर बसवताना "हा काही खरा योग नव्हे" असं कुणी म्हणालंच, तर खुशाल दुर्लक्ष करा. मात्र चाकांची खुर्ची नको, प्लास्टिकची हलकी नको. चार पायांची, जड, भिंतीला टेकवून ठेवलेली हवी.

परीक्षेचं थोडक्यात. आयुष मंत्रालयाखालच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा सोसायटीत वर्ग घ्यायला सक्तीची नाही. पहिला स्तर योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरचा, त्यावरचा योग वेलनेस इन्स्ट्रक्टरचा, पुढे आणखी आहेत. लेखी असते, प्रात्यक्षिक असतं. पुढे शाळेत किंवा कंपनीत शिकवायचं मनात असेल तर तिचा उपयोग होतो. माझं म्हणणं, वर्षभर शिकवून झाल्यावर द्या. तेव्हा अभ्यासक्रमातली प्रत्येक ओळ वाचताना कुणाचा तरी गुडघा आठवेल. त्याहून खोलात जायचं असेल तर लोणावळ्याची पदविका आहे, सांताक्रूझचे वेगवेगळ्या मुदतीचे शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. या वेळी मात्र समोर बसून शिका, ऑनलाइन नको.

राहिला पैशांचा प्रश्न. सासूबाईंच्या म्हणण्यामागे एक मोठी परंपरा आहे, तिचा मान ठेवा. नागपूरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ, ठाण्याचं अंबिका योग कुटीर यांनी विनामूल्य शिकवून घराघरांत योग नेला. पण तिथे संस्था असते, आळीपाळीने शिकवणारे स्वयंसेवक असतात. तुम्ही एकट्या आहात आणि नोकरी सोडलेली आहे. फुकट वर्गात कुणाला "जागा भरली" म्हणता येत नाही, आणि मग चारच्या बारा होतात, बाराच्या वीस. वीस जणींच्या टाचा तुम्हाला दिसणार नाहीत. म्हणून फी घ्या, संकोच न करता, आणि वर्ग लहान ठेवा. एक जागा मात्र बिनपैशाची राखून ठेवा. तुमच्या इमारतीत चार-पाच घरची धुणी-भांडी करून दुपारी जिन्यात क्षणभर टेकणारी एखादी बाई असेल, तिची कंबर आणि गुडघे तुमच्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त झिजले असतील. तिला विचारा, आणि वेळ तिच्या कामांच्या मधली धरा, सकाळी सहाची नव्हे. तिला वेगळी बसवू नका, इतरांच्याच ओळीत चटई घाला.

हॉलसाठी सोसायटीच्या कमिटीकडून लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या, आणि पावसात हॉलमध्ये पाणी शिरलं किंवा तुम्हालाच ताप आला तर बुडलेला तास पुढच्या महिन्यात भरून द्या. जुलै-ऑगस्टमध्ये फरशीला ओल येते, चटई सरकते; तेवढे दोन महिने एका पायावरची आसनं भिंतीला धरूनच घ्या.